बाहेरून कोरडा कोट

मी हवालदार होतो तेव्हा माझं पोट आत होतं. बायकोचा यावर विश्वास नाही, पण पलटणीच्या फोटोत पुरावा आहे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. पलटण बर्फातल्या पोस्टवर जाणार होती. त्याआधी मला हुकूम आला, डोंबिवली एमआयडीसीतल्या एका प्रयोगशाळेत नव्या कोटाची ट्रायल आहे, एक जवान घेऊन हजर व्हा. इतक्या थोर कामाला मीच का? तर माझं घर डोंबिवलीत. माझ्या गुणांची सरकारने केलेली ही एकमेव दखल.

जवान म्हणजे लान्स नाईक सदानंद. कोपरीचा कोळी, अंगाने आडवा, तोंडाने मोकळा.

प्रयोगशाळेचे प्रमुख पीएचडीवाले डॉक्टर होते. बर्फ त्यांनी सरबताच्या ग्लासात पाहिलेला. नॅनोटेक्नॉलॉजी हा शब्द मी प्रथम त्यांच्या तोंडून ऐकला. धाग्यावर इतके बारीक कण बसवलेत, की केसाच्या जाडीत हजारो मावतील. पाणी टेकणारच नाही.

"आणि गोळी?" सदानंदने विचारलं.

"ती पुढच्या फेजमध्ये."

"तवर तिला थांबाय सांगा, साहेब."

मे महिना. भर दुपारी अंगणात सदानंदला कोट चढवून त्याच्यावर पाण्याचा पाइप सोडला. खुर्च्यांवर एक कर्नलसाहेब, चार टायवाले, चहा, वेफर्स. पाणी कोटावरून घरंगळून गेलं. टाळ्या पडल्या. कोट काढला, तर आतली बनियन पिळून घ्यावी इतकी ओली. डॉक्टर घाबरून शिवणी तपासायला लागले.

"साहेब, ह्ये पानी न्हाय, घाम हाय," सदानंद म्हणाला. "डोंबिवलीत मी उघडा बसलो तरी असाच भिजतो."

सगळे हसले. कर्नलसाहेब हसले म्हणून मीही हसलो, अर्थात रँकला शोभेल इतकंच. कोट पास झाला. जे कापड पाणी आत येऊ देत नाही, ते घाम बाहेर कसा जाऊ देईल, हे त्या अंगणात एकाही पदवीला सुचलं नाही. रुमालाने मानेचा घाम पुसत सगळ्यांनी सह्या केल्या.

हिवाळ्यात आम्ही पोस्टवर होतो. नवे कोट मोजकेच आलेले. एक सदानंदला मिळाला, ट्रायलचा अनुभव म्हणून. त्या दिवशी चौघांचं पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, रसद घेऊन वर येत होतं. पाठीवर ओझं, उभी चढण. अर्ध्यावर हवा बिघडली आणि त्यांना कड्याच्या आडोशाला थांबावं लागलं. रेडिओवर मी होतो.

"पोस्ट, पेट्रोल बोल रहा हूँ. सदानंद चल नहीं पा रहा. ओव्हर."

"चोट है? ओव्हर."

"नहीं. कोट के अंदर बर्फ है. ओव्हर."

"रिपीट करो."

"अंदर बर्फ है. बाहर से कोट सूखा है. ओव्हर."

चढताना आलेला घाम चालणं थांबल्यावर अंगावरच गोठला होता. आम्ही दोरी, स्टोव्ह आणि कोरडे कपडे घेऊन उतरलो. पोचलो तेव्हा त्याने मला ओळखलं.

"उस्ताद, झोप येतेय."

"झोपायचं नाही."

"जी."

माझा एवढा एकच हुकूम त्याने मोडला.

मी पेन्शनीत निघाल्यावर ठाण्यात एका हॉलमध्ये त्या कोटाच्या संशोधनावर व्याख्यान झालं. तेच डॉक्टर, आता केस पिकलेले. पडद्यावर चित्रं दाखवत म्हणाले, "फील्डमधून मौल्यवान डेटा मिळाला. त्यामुळे आमचं नवं कापड श्वास घेतं."

मी उठलो. गुडघा वाजला, बाजूच्या बाई दचकल्या.

"साहेब, त्या डेटाचं नाव लान्स नाईक सदानंद."

"प्रश्न शेवटी घेऊ," डॉक्टर म्हणाले.

"प्रश्न नाही. तो कोपरीचा. आई इथे स्टेशनपलीकडे राहते. चला, भेटून येऊ."

त्यांनी घड्याळ पाहिलं. त्यांना जेवणाला जायचं होतं, बुफे होता. श्वास घेणारं कापड बनवणाऱ्या माणसाला तेवढा वेळ नव्हता.

मी एकटाच गेलो. म्हातारी दारात सुकट निवडत बसलेली. मी त्याच्या पलटणीतला, हे ऐकून तिने सूप बाजूला सारलं. मग म्हणाली, "पोर माजा येकटाच व्हता का रं?"

"नाही आई. तिघं होते. आपापले जुने लोकरी कोट काढून त्याच्यावर घातले होते त्यांनी. आम्ही पोचलो तेव्हा तिघंही नुसत्या स्वेटरवर कुडकुडत त्याला धरून बसलेले."

तिने तिघांची नावं विचारली. मी सांगितली. तिने ती एकेक करून म्हणून पाहिली, आणि त्यांच्या शेवटी सदानंदचं.