काकूंच्या गाण्यांपुढचा लाल दिवा

खोब्रागडे काकांचं नाव आधी घेतो. नववीत शाळा सोडून भंडाऱ्याकडच्या गावातून मी भिलाईला आलो, तेव्हा त्यांनी हुडको वस्तीतल्या आपल्या घराची मागची खोली दिली. नेहरू नगरच्या कॉम्प्युटर दुकानात कामाला लावलं तेही त्यांनीच. काकू मला स्वतःआधी वाढायच्या. आता जे सांगतोय ते मी कोणालाच सांगितलेलं नाही. तुम्हालाही सांगावंसं वाटत नाही — पण बसा.

काकांचा मुलगा नितीन, पुण्यात इंजिनियर. मला तो पहिल्या दिवसापासून आवडला नाही. आजही आवडत नाही. सुट्टीत घरी यायचा, पण मला कधी नावाने हाक मारली नाही. "ए नववी, पाणी आण." "ए नववी, इसको हाथ मत लगा, तुले नाही समजत."

ज्याला हात लावायचा नाही तो बैठकीतला जुना कॉम्प्युटर. त्याचा नितीनने घरचा सर्व्हर केला होता. त्यात फोटो, कागद आणि काकूंची गाणी. काकू जयंतीला वस्तीत भीमगीतं म्हणायच्या. दुखण्याने अंथरूण धरलं तरी मोबाइलवर म्हणत राहिल्या. नितीन पुण्यात असताना ती मीच सर्व्हरवर चढवायचो आणि मोबाइल भरला की त्यातून काढून टाकायचो.

सर्व्हरवर प्रत्येक ॲप आपापल्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालायचं. प्रत्येक कंटेनरला त्याने स्वतःचं नाव चिकटवलेलं — नितीन-फोटो, नितीन-गाणी. गाणी काय त्याची होती? औषध मी देत होतो. मोबाइल त्यांच्या तोंडापुढे मी धरत होतो.

एका दुपारी मी नाव बदललं. 'काकू-गाणी' केलं. नाव बदलल्याने ॲप बंद पडत नाही. गाणी वाजत होती. पण सगळ्या कंटेनरांवर नजर ठेवणारं एक पान नितीनने लावलं होतं, प्रत्येकापुढे एक दिवा. ते पान कंटेनरला नावानेच ओळखायचं. जुनं नाव सापडेना, म्हणून 'नितीन-गाणी'पुढे लाल दिवा लागला. नवं नाव त्याला ठाऊकच नव्हतं.

आणि काका — काका स्टील प्लांटमध्ये कंट्रोल रूमला होते. रिटायर झाले तरी सकाळी ड्यूटी घेतल्यासारखं आधी ते पान बघायचे. "पॅनल हिरवं हाये ना? मंग मांड चहा." लाल दिसलं असतं तर नितीनला फोन गेला असता. मग मी काय केलं? पानाला नवं नाव सांगायला हवं होतं. ते मला येत नव्हतं, आणि विचारायचं तर त्यालाच. मी पानावरून 'नितीन-गाणी'ची ओळच काढून टाकली. सगळं हिरवं. काकांनी पाहिलं, मी चहा मांडला.

बॅकअप, म्हणजे रोजची दुसरी प्रत, तोही कंटेनरच्या नावावरूनच होतो, आणि 'काकू-गाणी'चा होतच नव्हता, हे तेव्हा माहीत नव्हतं. पुढे दुकानात एका गिऱ्हाइकाचं काम करताना कळलं. हेच तर सांगायचं आहे — कळलं तेव्हा काकू जिवंत होत्या, गात होत्या. जुनं नाव परत टाकायला कितीसा वेळ? पण 'नितीन' हा शब्द मी माझ्या हाताने परत लिहायचा? नाही लिहिला.

काकू गेल्या. उन्हाळ्यात सर्व्हरची डिस्क बसली. बॅकअपमधून फोटो आले, कागद आले. गाणी जुन्या नावापर्यंतचीच. त्यानंतर अंथरुणावर म्हटलेलं एकही नाही.

काकांनी नितीनला फोन लावला. आवाज चढवला नाही. "तूच बनवलं होतं ना बाप्पा? पॅनल तं हिरवं होतं." तिकडून तो काहीतरी म्हणत राहिला. "तुया मायचा आवाज होता थो," काका म्हणाले, आणि फोन ठेवला. तेव्हापासून बापलेक बोलत नाहीत. मी बाजूलाच उभा होतो. मला — सांगूनच टाकतो — बरं वाटलं.

आता काका मला बेटा म्हणतात. जयंतीला दरवर्षी नितीनला असायचा तो नवा सदरा माझ्या अंगावर आला. नितीन माजोरडा आहे, हे मी मागे घेत नाही. पण त्याच्या पानाने खरं तेच दाखवलं होतं. खोटं मी दाखवलं.

काका, गाणी मला परत आणता येणार नाहीत. पोरगा परत आणता येतो. मागची खोली सुटली तरी चालेल, तो मी तुम्हाला परत देईन. एक दिवस देईनच.