दाराआडची भिंत

सातव्या महिन्यात मला मातीची फार ओढ लागली. आमच्याकडे पोटुशा बाया भाजकी माती खातात. आईने खाल्ली, तिच्या आईनेही खाल्ली. मी घराण्यातली पहिली बी.ए. डॉक्टरीणबाईंनी मना केलं तेव्हा मान डोलावली आणि खात राहिले.

त्या दिवशी वर्ध्याला तपासणी झाली. तळेगावच्या बसला वेळ होता, म्हणून नवऱ्याला म्हटलं, चला, ते घर पाहू. एका जुन्या वास्तुकाराने स्वतःसाठी बांधलेलं माती-बांबूचं घर तिथे संग्रहालय म्हणून जपलं आहे.

नवरा दारातच हसला. "तिकीट काढून मातीचं घर पाहाले आनलं काय मले? आपल्या घरी फुकट होतं न!"

आत नुकतंच सारवलेलं होतं. त्या वासाने तोंडाला पाणी सुटलं. नवरा आणि तिथले राखणदार काका पुढच्या खोलीत, वास्तुकाराचं नकाशे काढायचं टेबल पाहत होते. दाराआडच्या भिंतीचा पोपडा सुटला होता. मी तो नखाने काढून तोंडात टाकला. मागून कडू लागला, पण तोवर गिळला होता.

"बाई, भिंतीले हात नका लावू," काका पुढच्या खोलीतून म्हणाले. "वाळवीचं औषध मारलं हाये. लय जहाल हाये."

काका छताचा बांबू दाखवू लागले. मी पोटावर हात ठेवून बाळ हलतं का पाहत होते. हलत नव्हतं. या वेळी ते एरवीही झोपलेलंच असायचं. तरीही.

"काका, मी खाल्ली."

"काय खाल्ली?"

"भिंत."

नवरा हसायला लागला, मग माझा चेहरा पाहून थांबला. "येडी झाली काय वो? बी.ए. झाली अन् भिंत खाऊन राह्यली?"

काका हसले नाहीत. "कोनती भिंत?"

मी दाराआड बोट दाखवलं. ते मागे गेले आणि औषधाचा डबा घेऊन आले. "हा संगं न्या. डॉक्टरले नाव वाचू द्या. ऑटो थांबवतो मी."

ऑटोत डबा माझ्या हातात होता.

"काय लिहिलं हाये?" नवऱ्याने विचारलं.

"अक्षर लहान हाये," मी म्हटलं. मला सगळं वाचता येत होतं. वाचता आलं नसतं तर बरं, असं मला आयुष्यात तेव्हाच वाटलं.

दवाखान्यात नर्सने पोटावर यंत्र फिरवलं. नुसती खरखर. जागा बदलली, पुन्हा खरखर. नवरा माझा हात सोडून खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

मग ठोके ऐकू आले, भरभर, एकामागून एक.

"सध्या ठीक आहे," डॉक्टरीणबाई डबा वाचत म्हणाल्या. "पण आज घरी जायचं नाही. लक्ष ठेवावं लागेल."

नर्स यंत्र काढायला लागली. मी तिचं मनगट धरलं.

"राहू द्या न बाई. अजून थोडं ऐकू द्या."