बाईंचे अंतराळवीर

आमच्या विज्ञानाच्या बाईंइतकं भित्रं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. पाल दिसली की खुर्चीवर चढायच्या, आभाळ गडगडलं की कानांवर हात. शिरपूरहून आमच्या रिठद गावाला एसटीनं यायच्या, तर गाडी उलटेल म्हणून सगळा रस्ता पुढच्या सीटची दांडी सोडायच्या नाहीत. आणि अशा बाईंना वेड कशाचं, तर अंतराळवीरांचं!

माणसं चंद्रावर जाऊन आली होती, त्याला दोन-चार वर्षं झाली असतील. ती तिथं कशी चालली, काय जेवली, असं आम्ही विचारायचो. "ते सोडा. ती शिकली काय होती, ते विचारा," बाई म्हणायच्या. मग स्वतःच सांगत सुटायच्या, कोणी इंजिनिअर, कोणी विमानं उडवता उडवता मोठ्या पदव्या घेतलेला. "गणित कोणालाच चुकलं नाही," म्हणून मुलींच्या बाकांकडे बघायच्या.

त्याला कारण होतं. नववीत गेलं की मुलींनी बीजगणित-भूमिती सोडायची, सोपं अंकगणित आणि गृहशास्त्र घ्यायचं, हा आमच्याकडचा रिवाज. मला मात्र गणितच हवं होतं. बाबांना सांगायची छाती नव्हती. बाईंना सांगितलं, तर त्या माझ्याहून जास्त घाबरल्या. पण घरी आल्या.

ओसरीवर बसून पदराचं टोक पिळत त्यांनी बाबांना एकेका अंतराळवीराचं शिक्षण ऐकवलं. बाबा सुपारी कातरत होते.

"अन् बाईमानूस कोनी गेली का नाई वर?"

"गेली ना भाऊ. रशियाची एक."

"काय शिकेल होती ते?"

बाई, बोला काहीतरी खोटं, मी मनात म्हणत होते. बाईंचा आवाज पार खाली गेला. घाबरल्या की त्यांच्या तोंडून वऱ्हाडी सुटायची. "कापडाच्या मिलमंदी कामाले होती."

"मंग पोरीले गनित कायले पायजे?" बाबा हसले.

बाई उठल्या, पुन्हा बसल्या. "मिलमंदी राहूनच शिकली ते, भाऊ. अन् तिच्यामांगं अजून एकबी बाई गेली नाई. पुढच्या बाईले म्हनतीन, तू शिकेल नाई, घरी जाय. मले त्याचंच भेव वाटते."

बाबांनी हो म्हटलं, पण अट घातली. गणितात नापास झाली की शाळा बंद. शाळा सुटली की बाई मला गणित शिकवायच्या, आणि ते अख्खं वर्ष आम्ही दोघींनी धास्तीत काढलं. चाचणीच्या दिवशी माझ्याआधी बाईंचाच चेहरा पांढराफटक पडायचा. वार्षिक परीक्षेत मी कशीबशी पास झाले, तेव्हा त्या भर व्हरांड्यात रडल्या.

त्याच उन्हाळ्यात बाईंची बदली झाली. निरोपाला बाबाही स्टँडवर आले, माझ्या धाकट्या बहिणीचं बोट धरून. बाई गाडीत चढायला लागल्या, तसे बाबा एकदम पुढे झाले. "बाई, तुमी तं चालल्या. या धाकटीले गनित कोन शिकवीन आता?"

बाईंनी गाडीची दांडी धरूनच माझ्याकडे पाहिलं.

"मी शिकवीन ना," मी म्हणाले. म्हणाले खरी, पण तेव्हा जी धास्ती वाटली, ती गणिताच्या वर्गात खडू हातात घेताना आजही वाटते.