इंजिन चालू हाय

आमच्या दोन घरांमधल्या दगडी गडग्यापलीकडे रोज सकाळी एक तळहात दिसायचा. जाड, दोर ओढून ओढून रेषा पुसट झालेला. तो एका कुत्र्याच्या नाकासमोर धरलेला असायचा. मग हाक यायची, "वैनी, इंजिन चालू हाय!"

मुलांनो, आमच्या शेजारच्या सारंगांना तुम्ही सुट्टीत गावी आलात तेव्हा पाहिलं आहे. बोटीवर डेकच्या खलाशांचा जो मुकादम, तो सारंग. निवृत्त झाले तरी सगळी आळी त्यांना सारंगच म्हणायची. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलती मुलगी मस्कतला नर्स. नोकरीवर जाताना पुण्यात पाळलेला पग जातीचा कुत्रा तिने वडिलांकडे ठेवला. चपटं नाक, बाहेर आलेले डोळे आणि घोरणं इतकं, की माझ्या स्वयंपाकघरात ऐकू यावं.

मी एकदा तक्रार केली, तर म्हणाले, "बोटीवर झोपलेला मानूस कशानं जागा होतो, ठाव हाय? आवाजानं नाय. इंजिन बंद पडलं की!"

मुलीने ठेवलेलं इंग्रजी नाव त्यांच्या जिभेवर बसेना. ते त्याला कप्तान म्हणत. "काम काय करीत नाय, दिवसभर झोपतो, नि सगळ्यांनी सलाम ठोकायचा. दुसरं काय म्हनू?"

आखूड नाकाच्या या कुत्र्यांना आपल्याकडच्या दमट उकाड्यात श्वास पुरत नाही. जनावरांच्या डॉक्टरांनी दिलेला इंग्रजी कागद घेऊन सारंग माझ्याकडे आले. मी त्याचं मराठी केलं आणि माझ्या सवयीप्रमाणे आकडे घालून, ठळक अक्षरांत लिहून त्यांच्या मागच्या खोलीच्या दारावर चिकटवलं. उन्हात नेऊ नये. वजन वाढू देऊ नये. पट्टा गळ्यात नको, छातीला बांधावा. चेहऱ्याच्या घड्या रोज पुसून कोरड्या कराव्यात. पाचवं, बंद कोंदट खोलीत ठेवू नये.

घड्या ते धुतलेल्या मलमलीने पुसत. ओला पंचा सतत हाताशी. फक्त वजनाचं काही जमेना.

"अर्धाच बांगडा दिला, वैनी."

"आणि काल?"

"काल दुसरा अर्धा."

संध्याकाळी सातला मुलीचा व्हिडिओ कॉल यायचा. सारंग फोन कप्तानासमोर धरून बसत. "बाबा, थोडा डावीकडे घ्या, डोळे दिसत नाहीत," असं ती सांगे. ते डावीकडे घेत. स्वतः पडद्यावर कधीच नसत. मी एकदा विचारलं, "तुमच्याशी बोलते की नाही?"

ते घड्या पुसत राहिले. "हा यायच्या आधी महिन्यातनं एकदा फोन यायचा, वैनी. आता रोज येतो. मग याला जपायला नको?"

त्या दिवसापासून तो तळहात बघताना मला हसू येईनासं झालं.

यंदा शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी आमच्या आळीत ऐन दुपारी आली. ढोल ऐकले की कप्तान भेदरायचा. सारंगांनी त्याला मागच्या खोलीत पंख्याखाली ठेवलं आणि मला म्हणाले, "वैनी, जरा लक्ष असू द्या." ढोल जवळ आले तसा तो भुंकू लागला, धापा टाकू लागला. आवाज आत येऊ नये म्हणून मी खिडकी लावली, दार ओढून घेतलं आणि देवीची ओटी भरायला अंगणात गेले. मधेच वीज गेली. उन्हात, गुलालात कोणाच्या ते लक्षात येणार?

पालखी नाचून सारंगांच्या अंगणात टेकली. ढोल थांबले. गुरवांनी घराच्या वतीने देवीपुढे गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. सारंगांनी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं.

"ह्या घरातल्या मुक्या जिवाला श्वास पुरू दे रे, महाराजा!"

"व्हय महाराजा!" सगळे म्हणाले. मीही म्हणाले.

सारंगांची मान तेवढी घराकडे वळलेली होती. घरातून काहीच ऐकू येत नव्हतं. पालखीकडे पाठ करून ते आत धावले.

कप्तान दाराच्या फटीशी नाक लावून पडला होता. जीभ जांभळी झालेली. ओला पंचा झाला, पुठ्ठ्याने वारा झाला. गर्दीतून वाट काढत रिक्षाने डॉक्टरांकडे गेलो. सारंगांचा तळहात सबंध वाटभर त्याच्या नाकासमोर होता. डॉक्टरांनीच तो हळूच बाजूला केला.

परत आल्यावर त्या दारावरचं माझं अक्षर मला वाचवेना. मी सांगून टाकलं, "खिडकी मी लावली, सारंग."

"भेदरला व्हता तो," ते म्हणाले. "मी पन लावली असती."

सातला फोन वाजला. मी तिथेच ओट्यावर बसले होते. त्यांनी फोन घेतला आणि सवयीने हात लांब करून कोपऱ्यातल्या कप्तानाच्या रिकाम्या गोणपाटासमोर धरला.

"बाबा, काही दिसत नाहीये. डावीकडे घ्या ना."

त्यांनी डावीकडे घेतला.

"बाबा?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हळू आवाजात म्हणाले, "वैनी, आता कुठं धरू?"

मी त्यांचं मनगट धरलं आणि फोन त्यांच्या चेहऱ्याकडे वळवला.

पलीकडून ती म्हणाली, "बाबा, किती वाळलात तुम्ही."