नसलेले केस

परदेशात शिकत असताना एका रविवारी माझ्या वर्गातली एलेना मला तिच्या देशातलं एक बेट दाखवायला घेऊन गेली. पाणी इतकं नितळ, की तळाचे गोटे दिसत होते. पाय बुडवण्याआधी माझा हात आपोआप खाली गेला आणि ओली बोटं कपाळाला लागली. आमच्या गुहागरला आई सांगायची, "आपण समुद्राला पाय लावतो ना, मग आधी नमस्कार करावा."

"हे काय केलंस?" एलेनाने विचारलं.

"काही नाही गं, केस आले डोळ्यांवर." मी कपाळावरून हात मागे फिरवला.

माझी तर घट्ट वेणी होती.

ती वाकली. तिनेही बोटं भिजवली, सगळ्यांदेखत कपाळावर, छातीवर, खांद्यांवर टेकवून क्रुसाची खूण केली आणि पाण्यात शिरली.

घरून निघताना लोणच्याची बरणी मी किती कागदांत गुंडाळून आणली होती! आणि ज्याला वजनच नाही, ते मात्र कुणी नुसतं विचारल्याबरोबर टाकून दिलं. तेही जिने हसण्यासाठी विचारलंच नव्हतं, तिच्यासमोर.

"येतेस ना?" तिने पाण्यातून हाक मारली.

मी होकाराची मान हलवली, आणि पुन्हा एकदा ते नसलेले केस मागे सारले.