दर्शनाआधीची साखर

औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाच्या रांगेत माझी आठ वर्षांची गौरी माझ्या पायावरच कोसळली. अंग थंडगार, घामानं थबथबलेलं, डोळे अर्धे मिटलेले. मी खाली बसून तिचं डोकं मांडीवर घेतलं. श्रावणातला पाचवा सोमवार होता आन् तिला उपास मीच धरायला लावला होता.

गौरीला लहानपणची शुगर हाय, सुईवर जगायची. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच मेल्यात तिच्या अंगातल्या. मोबाईलवर बघितलं, स्टेम सेलपासून नव्या पेशी बनवून माणसाच्या अंगात सोडून राहिले, काही जणांची सुईच सुटली. हिंगोलीच्या डॉक्टरला विचारलं. म्हणले, खरं हाय, पण अजून तपासणं चालू हाय, अंगानं त्या पेशी मारू नयेत म्हणून भारी औषधं घ्यावी लागतात, लेकरांपर्यंत कधी येईल सांगता येत न्हाई, तवर सुई चुकवू नका. म्हणून मी नागनाथाला नवस बोलले, त्या पेशी माझ्या लेकीला मिळू दे, आमी मायलेकी पाच सोमवार दर्शन घेतल्याबिगर घास घेणार न्हाई.

सकाळी सुई बराबर दिली. सुईमागून खायला द्यायचं मला ठाऊक होतं. पण चार सोमवार लवकर नंबर लागला होता, वाटलं आजबी लागंल. रांगेत ती दोनदा भूक लागली म्हणली. मी म्हणले, थांब, आलोच देवाजवळ.

बाजूला बांगड्या विकणारी एक खाला, मुसलमान मावशी, उठून आली. सुई लावती का हिला, म्हणली. मी मान हलवली. कोणीतरी पाण्याचा तांब्या पुढं केला, तो तिनं अडवला, ठसका लागंल म्हणून. खालाबी सुईवरच हाय म्हणं. बटव्यातून साखरेची पुडी काढून माझ्या हातात दिली, गालात आतून चोळ म्हणली. माझा हात थांबला. नवस मोडत होता. मागची बाई बोलली, धा मिनटात नंबर हाय, तवर अंगारा लाव.

"देव कुठं जाऊन राहिला?" खाला म्हणली. "पोरगी जाऊन राहिली."

मी चोळली. चोळतच राह्यले. लई वेळानं तिची जीभ हलली, डोळे उघडले. "आई, झालं का दर्शन?"

मी व्हय म्हणले. रांग सोडून तिथूनच दवाखान्यात नेलं.

खालाचं नावबी विचारायचं राह्यलं, तिला मनातच हात जोडते. सासूबाई म्हणत्यात, नवस मोडला, पहिल्यापासून उपास धर. मी न्हाई धरला. पेशी यायच्या तवा येतील, ते नागनाथावर सोडलं. सुई आन् घास माझ्याकडं. पण गौरी साऱ्यांना सांगती, माझं दर्शन झालं. मी लेकराशी खोटं बोलले का, अजून कळत न्हाई. तुमी माझ्या जागी असता, तर काय म्हणला असता?