स्वतंत्र माणसाला मेमो

लातूरच्या ज्या मेडिकल प्रवेशाच्या क्लासचं ऑफिस मी नऊ वर्षं सांभाळलं, तिथे एका सोमवारी आम्हा सगळ्यांपुढे नवा करार आला. आम्ही आता नोकर नव्हतो, ‘स्वतंत्र व्यावसायिक’ होतो. तरीही साडेआठला अंगठा लावायचा, गणवेशाची मोरपंखी साडी नेसायची आणि खाली चहाला जातानाही क्लासचे मालक असलेल्या सरांना विचारायचं, हे तसंच राहिलं.

माझ्या शेजारी बसणाऱ्या रिसेप्शनिस्टला सहावा महिना होता. तिने बाळंतपणाची भरपगारी रजा मागितली. सर म्हणाले, “अगं, तू आता स्वतंत्र आहेस. स्वतंत्र माणसाला रजा कोण देणार?”

ती माझ्याकडे येऊन बसली. “ताई, बाळंतपणाला गेले तर ही खुर्ची तरी राहील का हो?”

मला याद्या करायची खोड आहे. सर आम्हाला काय काय हुकूम देतात, त्याची यादी केली. सतरा निघाले. मग करार वाचला. सही करताना तो कोणीच वाचला नव्हता. त्यात एक सोन्यासारखं कलम होतं: काम स्वतः करावं किंवा आपल्या वतीने दुसऱ्याकडून करून घ्यावं.

दुसऱ्या दिवशी मी घरी राहिले आणि माझी मोरपंखी साडी नेसवून सासूबाईंना पाठवलं.

सासूबाई मुरुडच्या. लोह्याहून लेकीला घेऊन आलेल्या एका गृहस्थांना त्यांनी प्रवेशाचा फॉर्मच दिला नाही. म्हणाल्या, “लेकराला इचारलं का, डॉक्टर व्हायचंय का म्हनून?” पोरगी म्हणाली, “न्हाई.” “मग कशाला दामटून राहिलाव? जा वापस.” आणि ते खरंच गेले.

आमचे सर तोंडाने कधी भांडत नाहीत, कागदावर भांडतात. दुपारीच शिक्क्यानिशी मेमो घरी आला: आपण विनापरवानगी गैरहजर आहात, तीन दिवसांत लेखी खुलासा करावा, अन्यथा शिस्तभंगाची कारवाई होईल.

मी आधी त्याच्या तीन झेरॉक्स काढल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी एक झेरॉक्स आणि सतरा हुकमांची यादी घेऊन केबिनमध्ये गेले.

“सर, आपला एसी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला तुम्ही कधी मेमो दिलाय?”

“त्याला कसा देणार? तो काय आपला नोकर...”

सरांनी मेमोकडे बघितलं, स्वतःच्या सहीकडे बघितलं.

“दुसरी झेरॉक्स कामगार कार्यालयात देऊ, की रिसेप्शनिस्टला रजा देताय?” मी विचारलं.

सरांनी झेरॉक्स उलटी करून टेबलावर ठेवली. मग सर म्हणाले, “तिला म्हणावं, अर्ज लिही.”

अर्जावर ‘भरपगारी रजा मंजूर’ आणि खाली तोच शिक्का. रिसेप्शनिस्टने त्याचे चार फोटो काढले.

माझा खुलासा मात्र सरांनी पुन्हा मागितलेला नाही. सासूबाईंनी तेवढं त्या संध्याकाळी विचारलं, “मग मी उद्या जाऊ का न्हाई? आजून धा-बारा लेकरांना इचारायचं राहिलंय.”